मोती तलाव : जालन्याचा जुना पाण्याचा कारखाना



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला म्हणजे श्रोते लढाईच्या तयारीने येतात, असा अनुभव आहे. त्या दृष्टीने जालना काही दरिद्री नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ज्या असईच्या माळावर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, ते असई आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. आणि त्याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. पण त्या गोष्टी पुष्कळांनी पुष्कळदा सांगितल्या आहेत. मी आज ज्या वास्तूविषयी बोलणार आहे, तिच्यासाठी कोणी लढले नाही, तिच्यावर कोणी पोवाडा रचला नाही, आणि तरीही या गावच्या कित्येक पिढ्यांची तहान तिने भागविली. ती वास्तू म्हणजे गावाच्या पश्चिमेस पसरलेला मोती तलाव.

मोती तलाव म्हटल्यावर गावाबाहेरच्या माणसाला प्रथम सावंतवाडी आठवते, हे साहजिक आहे. सावंतवाडीचा मोती तलाव राजवाड्यासमोर आहे. राजाच्या डोळ्यांपुढे पाणी असले की त्याची निगा आपोआप होते. आपला मोती तलाव वेशीबाहेर राहिला. जुने शहर पूर्वेकडे, तलाव पश्चिमेकडे, मध्ये बागा आणि मोकळी जमीन, अशी जुनी मांडणी होती. आता वस्ती तलावाला वळसा घालून पुढे गेली, मोतीबाग शेजारी उभी राहिली, आणि जे गावाबाहेरचे तळे होते ते उपनगरातले तळे झाले. संध्याकाळी तेथे फिरायला जाणाऱ्या बहुतेकांना ते निसर्गाने दिलेले पाणी वाटते. माझे सांगणे एवढेच आहे, की हे निसर्गाचे देणे नव्हे. हा एक बंद पडलेला कारखाना आहे.

कारखाना हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आज कारखाना म्हटले की धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे येतो. पण मध्ययुगीन दक्खनच्या राज्यकारभारात हा शब्द फार व्यापक अर्थाने चाले. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल होते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्यांत धान्याची कोठारे होती, तशी जवाहीर, वस्त्रे, शस्त्रे यांचीही खाती होती. जेथे वस्तू साठवावयाची, राखावयाची आणि ठरल्या जागी, ठरल्या वेळी पोहोचवावयाची, तो कारखाना. या अर्थाने पाहिले तर जमशेदखानाने जालन्यात उभे केले ते पाण्याचा कारखानाच होते. पावसाळ्यातले पाणी हा कच्चा माल, बांध हे कोठार, जमिनीखालचे नळ ही वाहतूक आणि गावातले हौद ही दुकाने.

हा जमशेदखान जालन्याचा अंमलदार. १७२५ साली येथे गढी उभी राहिली, त्याच्या बऱ्याच आधीचा हा पुरुष. त्याच्या नावावर चार कामे सांगतात : काळी मशीद, तिच्याजवळचा हमामखाना, वाटसरूंसाठी सराई, आणि मोती तलाव. ही चार नावे एकापुढे एक ठेवून पाहा. मशिदीला वजूसाठी पाणी लागते, हमामखान्याला स्नानासाठी लागते, सराईत उतरणाऱ्या माणसांना, घोड्यांना, बैलांना आणि उंटांना प्यायला लागते. पहिली तिन्ही कामे पाण्यावाचून कोरडी आहेत. चौथ्या कामाने त्यांत जीव घातला. तलावापासून जमिनीखालून नळ घालून शहरात ठिकठिकाणी हौद भरण्याची योजना होती, आणि सराईच्या चौकातही एक हौद होता. मशीद, सराई आणि तळे यांचा विचार एकत्र करणारा मनुष्य केवळ इमारती बांधणारा नव्हता, त्याला गावाची गरज कळत होती, असे मला वाटते.

आता हे यंत्र चालत कसे असेल, ते थोडे सांगितले पाहिजे. कारण यंत्राचे मर्म कळल्याखेरीज ते बंद का पडते हेही कळत नाही. अशा योजनेत पंप नाही, वाफ नाही, वीज नाही. सारी करामत उताराची. तळे उंचावर आणि हौद सखल जागी असले म्हणजे पाणी आपल्या वजनानेच पुढे सरकते. वाटेत थोडा चढ आला तरी बिघडत नाही. नळ बंद असला आणि पुढचे तोंड तळ्याच्या पातळीहून खाली असले, की पाणी तो चढ चढून जाते. अडचण येते ती दोन गोष्टींनी. नळात हवा कोंडली तर पाण्याची वाट अडते, आणि पाण्याबरोबर आलेला गाळ खोलगट जागी बसला तर नळाचे पोट हळूहळू भरून येते. म्हणून या पद्धतीच्या नळांवर मधूनमधून उंच मनोरे बांधतात. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाते आणि गाळ तळाशी बसतो. पुण्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावांतून शहरात पाणी आणले, तेव्हा अशा बांधकामांना उच्छ्वास असे सुंदर नाव दिले. नळ श्वास सोडतो, ही कल्पना ज्या कारागिराला सुचली तो मनाने कवी असला पाहिजे.

आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, हीच विद्या फार मोठ्या प्रमाणावर उतरली. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसविली आणि तिच्यासाठी डोंगरातून नहर आणली. पुढे तेथे आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि दळण निघाले. पाणी उंचावरून खाली पडते त्यात शक्ती असते आणि ती माणसाच्या कामी लावता येते, हे तेथे डोळ्यांनी दिसत होते. जालन्याची योजना आकाराने लहान होती. औरंगाबादेस डोंगर जवळ होते, डोंगराच्या पोटातले झरे पकडता आले. जालना माळावरचे गाव. येथे जमिनीखाली काळा पाषाण, वर मातीचा थर, आणि पाऊस सरासरीने साडेसहाशे ते साडेसातशे मिलीमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा. कुंडलिका नदी गावातून वाहते, दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. पण होळी झाली की कुंडलिकेच्या पात्रात वाळूच अधिक. अशा गावाला झरा पकडून भागत नाही. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवावे लागते, आणि त्याला बांध घालून तळे करण्याखेरीज उपाय नाही. भरभराटीच्या काळात जालन्यात अशी पाच तळी होती, असे जुन्या नोंदी सांगतात.

एका गावाला पाच तळी कशाला? प्यायला एवढे पाणी लागत नाही. याचे उत्तर गावाच्या नावाच्या दंतकथेत दडले आहे, असे मी म्हटले तर आपण हसाल. दंतकथा अशी, की सीतेच्या वास्तव्यामुळे या गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका धनाढ्य मुसलमान विणकराच्या इच्छेवरून ते नाव बदलले. विणकर म्हणजे जुलाहा, आणि जुलाह्यावरून जालना. व्युत्पत्ती म्हणून हिच्यावर मी फार भार टाकणार नाही. गावाच्या नावांच्या अशा व्युत्पत्त्या बहुधा नंतर रचलेल्या असतात. परंतु दंतकथा रचणाऱ्यांनाही काहीतरी सामग्री लागते. नाव देण्याचा मान या गावाने सरदाराला दिला नाही, साधूला दिला नाही, एका विणकराला दिला. यावरून गाव स्वतःला कोणाचे समजत होते हे दिसते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अजून अभिमानाने सांगतो. तो पाळणा मागावर विणलेला होता.

आणि मागाला पाणी लागते. सूत भिजवायला पाणी, ताण्याला खळ द्यायला पाणी, रंगाऱ्याच्या हंड्याला पाणी, रंगवलेले कापड पुन्हा पुन्हा खळबळून काढायला तर पाणीच पाणी. रेशमाचे काम असेल तर पाणी स्वच्छ हवे, गढूळ चालत नाही, कारण चकाकी जाते. तळ्यात साचून निवळलेले पाणी नदीच्या पुराच्या पाण्याहून अशा धंद्यांना जास्त मानवते. तेव्हा मोती तलाव आणि त्याची भावंडे यांना केवळ पाणपोई समजू नये. या गावच्या उद्योगाचे ते पहिले भांडवल होते. आज आपण औद्योगिक वसाहतीत भूखंडाबरोबर पाण्याची जोडणी देतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की तेव्हा पाणी आधी आले आणि धंदा त्याच्या मागून वाढला. आता बहुधा उलटे घडते.

मग हा कारखाना बंद कसा पडला? परचक्र आले, कोणी बांध फोडला, अशी एखादी नाट्यमय घटना सांगता आली असती तर व्याख्यान रंगले असते. पण तसे काही नाही. नळ तुंबले. एवढीच गोष्ट. १८८४ साली निजाम सरकारने औरंगाबादचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्या काळापर्यंत नळांचे पाणी थांबून पुष्कळ वर्षे लोटली होती. तळे जागेवर होते, पाऊस पडत होता, उतारही कोठे गेला नव्हता. उच्छ्वासात उतरून गाळ काढणारा माणूस मात्र राहिला नव्हता, आणि त्याला रोजमुरा देणारे खाते राहिले नव्हते. अशा योजना बांधताना पैसा एकदाच लागतो. चालविताना दरसाल लागतो, आणि थोडा लागतो. जो खर्च थोडा असतो तोच आधी तुटतो, हा सरकारी जमाखर्चाचा जुना धर्म आहे.

या दृष्टीने १७२५ ची गढी मला बोलकी वाटते. निजाम असफजाहाच्या हुकुमाने काबीलखानाने ती गावाच्या पूर्वेस बांधली. आपण तिला मस्तगड म्हणतो, आणि पुढे तिच्यात नगरपालिकेची कचेरी आली. गढीत एक विहीर आहे, साधी नव्हे, आत सज्जे आणि दालने असलेली. बांधकाम म्हणून ती पाहण्यासारखी आहे. पण विचार करा : जमशेदखानाचे पाणी वेशीबाहेरून येऊन चौकाचौकातल्या हौदांत पडत होते; काबीलखानाचे पाणी तटाच्या आत होते आणि शिबंदीचे होते. काळच तसा आला होता. सत्ता बदलत होत्या, जालना कधी निजामाकडे, कधी मराठ्यांकडे जात होते, आणि ज्याला उद्या येथे राहू की नाही याची खात्री नाही, तो गावभर नळ कशाला दुरुस्त करील? तो आपली विहीर आधी पाहतो. शहाणपण म्हणून त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण गावाच्या सामाईक पाण्याची जागा आपल्यापुरत्या विहिरीने घेतली, हे त्या शतकात घडले आणि पुढची दीडशे वर्षे जालना विहिरींवरच जगले. १८२७ मध्ये येथे इंग्रजांची छावणी वसली आणि १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची पलटण तीत राहिली, त्यानेही या गोष्टीत फरक पडला नाही.

फरक पडला तो आगगाडीने. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि मनमाड ते सिकंदराबाद या वाटेवर जालना आले. कापसाचा व्यापार वाढला, सरकी काढण्याचे जिन आणि गासड्या बांधण्याचे प्रेस उभे राहिले. मागाचे गाव जिनाचे गाव झाले. लोकवस्ती वाढली, विहिरी अपुऱ्या पडल्या, आणि मग १९३० च्या दशकात निजामी राजवटीत घाणेवाडीचा जलाशय झाला. या कामाच्या संदर्भात बेजनजी फरीदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचे नाव जालन्यात अद्याप आदराने घेतले जाते. घाणेवाडीचे पाणीही उतारानेच शहरात येते. म्हणजे जमशेदखानाची युक्ती तीच, तळे तेवढे चार कोस दूर गेले. आज त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरला त्यांचे नाव पाण्याच्या साठ्याला द्यावे, यात औचित्य आहे.

पुढचा भाग आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतला आहे, म्हणून त्वरेने सांगतो. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६४ साली महिको कंपनी निघाली आणि जालन्याचे नाव बियाण्यांसाठी देशभर झाले. त्यापाठोपाठ लोखंडी सळयांच्या गिरण्या आल्या. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती पावणेतीन लाखांच्या पुढे गेली होती. ज्या तळ्यातून काही हजार माणसांनी पाणी प्यायचे, त्याच्या जोरावर हा संसार चालणे शक्य नव्हते, हे उघड आहे.

२०१२ साली पावसाने दगा दिला. घाणेवाडी आटली. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले वृद्ध म्हणू लागले, की तेव्हा धान्य नव्हते, आता पाणी नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात हे शहर टँकरकडे डोळे लावून बसले होते. ज्याच्या दारात टँकर येई त्याचे भाग्य, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याच्या दारात टँकर. सामाईक पाणी नाहीसे झाले म्हणजे कोणाचे काय होते, हे त्या उन्हाळ्याने विहिरीच्या काळापेक्षाही उघडे करून दाखविले. त्यानंतर पैठणच्या जायकवाडी धरणातून नळ आला. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली होती. त्या धरणाचे पाणी जालन्याला पोहोचले आणि गावाने सुटकेचा श्वास टाकला. मात्र येथे उतार उपयोगी नाही. पाणी वर चढवावे लागते, त्याला वीज लागते, विजेला बिल लागते, आणि बिल थकले की पाणी थांबते. उच्छ्वास तुंबण्याची ही नवी तऱ्हा आहे.

तेव्हा तीन पिढ्यांची तीन पाणी झाली : मोती तलाव, घाणेवाडी, जायकवाडी. प्रत्येक वेळी पाणी अधिक लांबून आले आणि अधिक आले. आणि प्रत्येक वेळी जवळच्या पाण्याकडे पाठ फिरली. नवे पाणी आणू नये असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणारा मनुष्य २०१३ चा उन्हाळा जालन्यात राहिलेला नसावा. पण लांबचे पाणी आले म्हणजे जवळच्याची गरज संपली, हा हिशेब कोणी मांडला? मोती तलावाच्या वाट्याला आता प्रामुख्याने गणेश विसर्जन आले आहे. वर्षातून एक दिवस सारे शहर काठावर लोटते, आणि उरलेले दिवस ते निर्माल्य, मूर्तींचे अवशेष आणि आसपासच्या वस्तीचा कचरा यांचे कोठार होते. कारखाना म्हणून तो बंद झाला, तरी साठवण्याचा त्याचा गुण गेलेला नाही. आपण जे देऊ ते तो साठवितो.

गाळाचा थोडा हिशेब करू. आपल्याकडे उघड्या पाण्यातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर उंचीचे पाणी उन्हाने उडून जाते. तळे खोल असेल तर हा तोटा सोसतो. पण तळाशी गाळ बसून तळे उथळ झाले, तर पाण्याचा पसारा वरून तेवढाच दिसतो, ऊन तेवढेच पाणी खाते, आणि माणसाच्या वाट्याला काही उरत नाही. पाहणाऱ्याला सप्टेंबरात तळे काठोकाठ भरलेले दिसते आणि मार्चमध्ये कोरडे. लोक पावसाला दोष देतात. याच्या उलट, एक हेक्टर पात्रातून एक मीटर गाळ काढला तर दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाण्याला नवी जागा होते. त्यासाठी भूसंपादन लागत नाही, कोणाचे गाव उठवावे लागत नाही.

हे कोणी पुस्तकात वाचून सांगत नाही; जालन्याने ते करून पाहिले आहे. २०१० नंतर येथील व्यापारी, कारखानदार आणि सामान्य नागरिक एकत्र आले, त्यांनी वर्गणी काढली आणि घाणेवाडीतला गाळ उपसण्याचे काम सुरू केले. सरकारची वाट न पाहता वर्षानुवर्षे ते चालले. दुष्काळात तळ उघडा पडला तेव्हा तर कामाला जोर आला. संकटाचा असा उपयोग करून घेणे फारच थोड्या गावांना साधते. लोखंडाच्या भट्टीवर पैसा मिळविणाऱ्यांनी तळ्याच्या तळाशी तो घातला, यात मला जुन्या विणकराचा वारसा दिसतो. तो गाळ फुकट गेला नाही. आसपासच्या गावांतले शेतकरी आपल्या खर्चाने ट्रॅक्टर घेऊन आले आणि माळरानावर, मुरमाड शेतांवर तो पसरून गेले. जेथे कुसळ उगवत नव्हते, तेथे कपाशी उभी राहिली.

२०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली आहे. मोती तलाव घाणेवाडीहून लहान आहे, आणि तेथपर्यंत जायला शहरातल्या कोणालाही गाडी करावी लागत नाही.